गल्लीत पाणी कशामुळे तुंबतं? पाऊस, भरती आणि गटाराचा हिशेब मांडण्याची पद्धत

आमची सोसायटी मुंबईत, कुर्ला पूर्वेला, नेहरूनगरजवळ. पावसाळा आला की तळमजल्यावरच्या काकू फ्रिजखाली विटा लावतात, आणि पावसाळा संपला की सर्वसाधारण सभेत तोच वाद रंगतो. कुणी म्हणतं मोठा पंप घ्या, कुणी म्हणतं भरणी टाकून आवार उंच करा, कुणाला वाटतं नालेसफाई नीट झाली की सगळं मिटेल. तिन्ही गोष्टींना पैसे लागतात. आमच्याकडे मात्र कुठल्याच बाजूने दाखवायला एकही आकडा नव्हता. शेवटी पंप घेतला. पुढच्या जुलैत पंपाने आवारातलं पाणी रस्त्यावर टाकलं आणि रस्त्यावरचं पाणी फाटकातून पुन्हा आवारात आलं.

त्यानंतर दोन पावसाळे आम्ही मोजमाप केलं. ते कसं केलं, कुठली माहिती कुठून घेतली आणि कुठे चुकलो, हे इथे सविस्तर लिहितो आहे. लागणारी बहुतेक सगळी माहिती फुकट मिळते. साहित्याचा खर्च काही शे रुपयांचा आहे.

आधी प्रश्न नीट मांडा

पाणी तुंबण्याची कारणं ढोबळपणे चार. पाऊस गटाराच्या ताकदीपेक्षा जोरात पडतो. किंवा समुद्राला भरती असल्याने पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. किंवा गटार मध्येच कुठेतरी बंद असतं. किंवा आपली जागाच खोलगट असते आणि वरच्या बाजूने पूर्वीपेक्षा जास्त पाणी येऊ लागलेलं असतं. गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर चारही सारखीच दिसतात, पण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. आपलं कारण कुठलं हे ओळखायला तीन आकडे एकाच वेळचे हवेत: दर १५ मिनिटांचा पाऊस, त्या घटकेची समुद्राची उंची आणि गल्लीतल्या पाण्याची खोली. पुढचं सगळं या तीन आकड्यांभोवती फिरतं.

पाऊस: दिवसाचा आकडा आपल्या कामाचा नाही

बातम्यांत येतो तो हवामान विभागाचा आकडा सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा २४ तासांचा असतो, आणि तो मुख्यतः कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांचा. विभागाच्या व्याख्येत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार', ११५.६ पासून 'अतिजोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार' पाऊस. शहराचा अंदाज घ्यायला हे ठीक आहे. पण गटाराला दिवस कळत नाही, त्याला तास कळतो. ११५ मिलिमीटर दिवसभर रिपरिप पडला तर गल्ली कोरडी राहील, तोच दीड तासात पडला तर फ्रिज तरंगेल.

जागेचाही फरक मोठा असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ सुद्धा झाला नाही. दोन ठिकाणांत अंतर वीसएक किलोमीटरचं. म्हणून आपल्या गल्लीसाठी सांताक्रूझचा आकडा वापरू नका.

महापालिकेने शहरभर स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत, त्यातली बरीचशी अग्निशमन केंद्रांवर आणि विभाग कार्यालयांवर. त्यांचे आकडे आपत्ती व्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर पाऊस चालू असतानाच दिसतात. आपल्याला सगळ्यात जवळचं केंद्र शोधा आणि त्याचं नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दर वेळी तेच केंद्र वापरायचं. आज एक, उद्या दुसरं असं केलं तर तुलना बिघडते.

उपग्रहावरून मोजलेला पाऊसही मिळतो, दर अर्ध्या तासाचा. त्याचा एक चौकोन साधारण दहा-अकरा किलोमीटरचा असतो. कुर्ला आणि अंधेरी एकाच चौकोनात यायची शक्यता आहे. मराठवाड्यातल्या खोऱ्यासाठी तो उपयोगी पडेल, आपल्या गल्लीसाठी नाही. साधन निवडताना पहिली कसोटी हीच ठेवा: त्याच्या एका चौकोनात आपला प्रश्न हरवून तर जात नाही ना?

सगळ्यात खात्रीचा आकडा गच्चीवरचा. सरळ बाजूंचं, सपाट तळाचं भांडं घ्या. निमुळत्या बाटलीने माप चुकतं. भांडं पाण्याच्या टाकीपासून आणि जिन्याच्या खोलीपासून लांब ठेवा. आडोसा जितका उंच, त्याच्या दुप्पट अंतर राखलं तर उत्तम. आत पट्टीने मोजलेले मिलिमीटर म्हणजेच पावसाचे मिलिमीटर. जोर वाढला की दर १५ मिनिटांनी आकडा घ्यायचा. आमच्याकडे हे काम दहावीतल्या दोन मुलांनी घेतलं आणि मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे केलं. विजा चमकत असतील तेव्हा मात्र गच्चीवर जायचं नाही, त्या वेळी पालिकेच्या केंद्राचा आकडा घ्यायचा.

भरती: आकडा बरोबर, शून्य वेगळा

या पायरीवर सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

मुंबईत दिवसातून साधारण दोनदा भरती येते आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती कोणकोणत्या दिवशी आहे याची यादी पालिका दरवर्षी आधीच जाहीर करते. तक्ता जवळ नसेल तर किनाऱ्यावरच्या लोकांची जुनी रीत वापरा: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या आसपास, अष्टमीला सहाच्या आसपास, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण तक्त्यातली वेळ वाचताना घोळ झाला तर या हिशेबाने लगेच पकडता येतो. मोठी उधाणं पौर्णिमा-अमावास्येच्या आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत येतात, म्हणजे मुंबईत ती बहुधा भर दुपारी किंवा मध्यरात्री गाठतात.

तक्त्यात फक्त भरती आणि ओहोटीची टोकं असतात, आपल्याला मधल्या वेळेची उंची हवी असते. त्यासाठी बाराव्या भागांचा हिशेब पुरेसा आहे. भरती ते ओहोटीच्या सहा तासांत पाणी पहिल्या तासात एकूण फरकाच्या एक बारांश उतरतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात पुन्हा एक. समजा दुपारी १२.३० ला ४.६ मीटर आणि साडेसहाच्या सुमारास १.४ मीटर आहे. फरक ३.२ मीटर. साडेतीनला त्यातला निम्मा उतरलेला असेल, म्हणजे समुद्र ३.० मीटरवर.

आता शून्याचं. भरतीच्या तक्त्यातला शून्य मुंबईच्या सरासरी समुद्रपातळीपासून सुमारे अडीच मीटर खाली आहे. म्हणजे ४.५ मीटरची भरती सरासरी समुद्रपातळीच्या फक्त दोनेक मीटर वर असते. उलट, उपग्रहाच्या अनेक नकाशांत जमिनीची उंची साधारण सरासरी समुद्रपातळीपासून दिलेली असते. 'आमची गल्ली ४ मीटरवर आहे आणि भरती ४.६ ची, म्हणजे समुद्र आमच्यापेक्षा उंच' हे वाक्य मी स्वतः एका अर्जात लिहिलं होतं. ते साफ चूक होतं. आणि पालिकेच्या आराखड्यांत तिसरीच शून्यरेषा भेटते, 'टाउन हॉल डेटम'. फोर्टमधली एशियाटिक सोसायटीची पायऱ्यांची इमारत म्हणजे तो टाउन हॉल. या रेषेवरून मोजलेल्या उंच्या सत्तावीस-अठ्ठावीस मीटर अशा दिसतात. बांधकाम नियमावलीतली जमिनीच्या किमान पातळीची २७.५५ मीटरची अट याच मापातली आहे. कागदावर उंची दिसली की ती कुठल्या शून्यावरून मोजली आहे हे आधी विचारा. उत्तर मिळत नसेल तर तो आकडा वापरू नका.

खोली: विजेचा खांब नको, फाटकाचा खांब घ्या

सोसायटीच्या फाटकाच्या सिमेंटच्या खांबावर तैलरंगाने दर ५ सेंटीमीटरला रेघ मारा. विजेच्या खांबाला आणि मीटरच्या पेटीला पावसात हात लावायचा नाही, म्हणून ते नकोतच. खिडकीतून वाचता येतील इतके मोठे आकडे काढा. पाणी चढताना आणि उतरताना दर १५ मिनिटांनी फोटो काढायचा. उतरतानाच्या नोंदी चढतानाच्या नोंदींपेक्षा जास्त बोलतात, आणि लोक नेमक्या त्याच घेत नाहीत, कारण पाऊस थांबला की सगळे घर पुसायला लागतात.

व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे पाठवलेल्या फोटोतली मूळ वेळेची नोंद निघून जाते. म्हणून फोटोखाली वेळ हाताने टाइप करायची सवय लावा: '३.४५, ३५ सेमी'. इतकंच पुरतं.

मोजण्यासाठी पाण्यात उतरू नका. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात याच शहरात उघड्या मॅनहोलमुळे एक नामवंत डॉक्टर गेले. कुणाला नाइलाजाने पाण्यातून चालावं लागलंच तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) प्रतिबंधक औषधाबद्दल विचारा, विशेषतः पायाला जखम असेल तर.

जमिनीचा उतार: इथे उपग्रह हरतो, गवंडी जिंकतो

इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहाने बनवलेला उंचीचा नकाशा मिळतो, युरोपचा कोपर्निकस नकाशाही फुकट आहे. दोन्ही 'क्यूजीआयएस' या मोफत प्रणालीत उघडतात. आपल्या भागातलं पाणी साधारण कुठल्या दिशेने वाहतं, मिठी नदीकडे की माहुलच्या खाडीकडे, हे त्यातून समजतं. तेवढंच समजून घ्या आणि नकाशा बंद करा. त्याचा एक चौकोन ३० मीटरचा. त्या चौकोनात आपली इमारत, झाडं आणि गल्ली यांची मिळून एकच उंची येते, आणि मुंबईच्या दाटीत ती काही मीटरनी चुकू शकते. आपला प्रश्न १५ सेंटीमीटरचा आहे.

गल्लीचा उतार काढायला गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या, पंधरा-वीस मीटरची. आत बुडबुडा राहू देऊ नका. दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीवर येतं. एका टोकाची पातळी भिंतीवर खडूने मारायची, दुसरं टोक दहा-दहा मीटर पुढे नेत तीच पातळी आखत जायची आणि प्रत्येक खुणेपासून खाली जमिनीपर्यंत टेपने मोजायचं. जिथे अंतर सगळ्यात जास्त, ती गल्लीची सगळ्यात खोल जागा. मे महिन्यात, सकाळी सहाला, गाड्या हलायच्या आधी हे काम दोन तासांत होतं.

आमच्या गल्लीत यातूनच पहिला धक्का बसला. रस्ता काँक्रीटचा करताना पाणी घेणारी जाळी जिथे बसवली होती, ती जागा सगळ्यात खोल नव्हती. खोल जागा तिच्यापासून तीस पावलं पुढे, काकूंच्या खिडकीखाली होती. गटार कितीही साफ असलं तरी तिथलं शेवटचं वीतभर पाणी जाळीपर्यंत चढणारच नव्हतं.

गटार किती वाहून नेतं

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर पाणी. एवढं लक्षात ठेवलं की सगळा हिशेब तोंडी जमतो. मुंबईची जुनी पर्जन्य जलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती, तीही ओहोटी असताना. ब्रिमस्टोवॅड या मुंबईच्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या अहवालाने ती ५० पर्यंत नेण्याचा आराखडा दिला. त्यातूनच पुढे हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी उदंचन केंद्रं (पाणी उपसून टाकणारी पंपिंग स्टेशनं) उभी राहिली.

समजा तुमच्या गटारात दोन हेक्टरचं पाणी येतं. ५० मिलिमीटर तासाला या दराने २०,००० चौरस मीटरवर तासाभरात १,००० घनमीटर पाणी पडतं. शहरी भागात जवळजवळ सगळं वाहतं, नव्वद टक्के धरा. सेकंदाला अडीचशे लिटर झाले. ६०० मिलिमीटर व्यासाचा काँक्रीटचा पाइप पाचशे मीटरला एक मीटर उतारावर भरून वाहिला तर सुमारे २४० लिटर नेतो. जेमतेम, किंचित कमीच पडतो.

आता तोच पाइप निम्म्यापर्यंत गाळाने भरलेला आहे असं धरा. बहुतेकांना वाटतं क्षमता निम्मी झाली. प्रत्यक्षात पाण्याची जागा निम्मी होते आणि घासणारी कड तितकी कमी होत नाही, त्यामुळे प्रवाह सुमारे ८६ लिटरवर येतो. म्हणजे निम्म्या गाळाने जवळजवळ दोन तृतीयांश क्षमता खाल्ली. नालेसफाईच्या बैठकीत हा एक आकडा सांगा. 'थोडा गाळ आहे' म्हणणाऱ्याला तो पटकन समजतो.

वरच्या बाजूची जमीन बदलली आहे का, हे पाहायला मात्र उपग्रहासारखं साधन नाही. 'गूगल अर्थ'मध्ये जुनी चित्रं मागे नेऊन पाहता येतात आणि सेंटिनेल-२ या उपग्रहाची १० मीटरची चित्रं दर पाच दिवसांनी येतात. पावसाळ्यातली घेऊ नका, ढगच दिसतील. दर वर्षीचं एकाच महिन्यातलं चित्र घ्या, जानेवारी किंवा फेब्रुवारी बरं. ४,००० चौरस मीटरचं मातीचं मैदान फरसबंद झालं असेल तर ५० मिलिमीटरच्या तासात तिथून पूर्वी अंदाजे ६० घनमीटर पाणी यायचं, आता १८० येईल.

नोंदींवरून कारण ओळखणं

पाच-सहा पावसांच्या नोंदी झाल्या की त्या एका कागदावर मांडा. आडवी वेळ, उभी खोली, वर पाऊस आणि खाली भरतीची उंची. हाताने काढलेला आलेखही चालतो.

पाणी जोराच्या सरीबरोबर चढलं आणि सर थांबल्यावर अर्ध्या तासात उतरलं, भरती असो वा नसो, तर गटार अपुरं आहे. पाऊस थांबून तास उलटला तरी पाणी हललं नाही आणि समुद्र ठराविक उंचीच्या खाली गेल्यावरच उतरू लागलं, तर भरतीने वाट अडवली आहे. मुंबईतली बरीच पातमुखं, म्हणजे गटारं समुद्राला किंवा खाडीला मिळतात ती तोंडं, भरतीच्या पातळीखाली आहेत, त्यामुळे हे कारण नवलाचं नाही. ती ठराविक उंची दर वेळी जवळपास एकच येते का पाहा. आली, तर तुमच्या पातमुखाची पातळी तुम्हाला कुणालाही न विचारता कळली. पाऊस साधा, समुद्र ओहोटीला आणि तरीही पाणी उभं, तर अडथळा आहे. आणि सगळं उतरल्यावर एकाच जागी वीतभर पाणी राहिलं, तर तो खोलगट भाग.

आमच्या नोंदी आधी भरतीकडे बोट दाखवत होत्या. मग ओहोटीच्या वेळी, बेताच्या पावसात पाणी भरल्याचे दोन दिवस आले. 'ते दोन दिवस सोडून द्या, चित्र स्पष्ट दिसेल,' असं समितीतले एक काका म्हणाले. आम्ही ते सोडले नाहीत आणि म्हणूनच पुढच्या रस्त्याखालची मोरी उघडायची मागणी केली. मोरीतून आडव्या गेलेल्या केबलच्या नळ्यांना प्लास्टिक आणि राडारोडा अडकलेला होता. न बसणारी नोंद खोडू नका, तिच्यातच बहुधा दुसरं कारण असतं.

निर्णय आणि अर्ज

कारण कळल्यावर उपाय आपोआप गळतात. भरतीने अडलेल्या गल्लीत पंप लावला तर पाणी जाणार कुठे? तिथे उपयोगाची गोष्ट म्हणजे भरती उतरेपर्यंत पाणी साठवणं. हिंदमाता या दादरजवळच्या सखल भागासाठी पालिकेने परळ-दादरच्या मैदानांखाली टाक्या बांधल्या, त्या याच तत्त्वावर. आपल्यापुरता हिशेब असा: १,५०० चौरस मीटरचं आवार, अडलेल्या दोन तासांत ६० मिलिमीटर पाऊस, म्हणजे ९० घनमीटर. सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, तीन मीटर खोल टाकी. तेवढी जागा आहे का, खर्च झेपेल का, यावर सभेत निदान खरी चर्चा होते. शोषखड्ड्याचा सल्ला कुणी दिला तर आधी जुलैत मीटरभर खड्डा खणून पाहा. सखल भागात तो खालूनच पाण्याने भरतो, आणि मग त्यात मुरणार काय?

आवार भरणी टाकून उंच करण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ते पाणी शेजारच्या चाळीत जातं. शेजाऱ्यांच्या जमिनीची पातळी मोजल्याशिवाय हा ठराव मांडू नये.

पालिकेकडून हवी ती माहिती माहितीच्या अधिकाराच्या अर्जाने मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'पाणी का तुंबतं' असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. कागद मागा: गटाराचा आकार, उतार, तळाची पातळी आणि ती कुठल्या डेटमवर, पातमुखाचं ठिकाण, मागच्या तीन वर्षांत गाळ काढल्याच्या तारखा आणि वजनपावत्या. मार्चमध्ये अर्ज करा, कारण नालेसफाईची मुदत साधारण ३१ मे असते आणि पाऊस ती पाळत नाही. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे लाच मुंबईत दाखल झाला.

विभाग कार्यालयात सहायक आयुक्तांना द्यायचा अर्ज एका पानाचा ठेवा. वर आलेख, मध्ये गल्लीची खोली दाखवणारं रेखाचित्र, खाली एकच मागणी. किती पावसांच्या नोंदी आहेत तो आकडा लिहा, सहा असतील तर सहा. आमच्याकडे आलेल्या कनिष्ठ अभियंत्यांनी आलेख पाहून पहिला प्रश्न विचारला, 'भरती कुठून घेतलीत?' तक्ता दाखवला. मग ते आमच्याबरोबर जाळीपाशी आले, नळी लावून पातळी स्वतः बघितली आणि खोल जागेवर दुसरी जाळी बसवण्याचा प्रस्ताव तयार केला.

जाळी बसली, मोरी साफ झाली. वही तशीच चालू आहे, कारण काम झाल्यानंतरच्या नोंदी काम होण्याआधीच्या नोंदींशेजारी ठेवल्याशिवाय फरक सांगता येत नाही. तुलना मात्र सारख्या पावसाची आणि सारख्या भरतीची करा. हलक्या पावसाचं वर्ष गेलं आणि 'प्रश्न सुटला' म्हणून वही बंद केली, असं एकदा आमचं होता होता राहिलं. पुढच्या जूनची पानं मुलांनी आत्ताच आखून वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवली आहेत.